अकरा मतं आणि भगताची हळद

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचायत समितीचा निकाल लागून दोन तास झाले होते आणि आमचा दिनानाथ अवघ्या नऊ मतांनी पडला होता. पडलेल्याच्या गावात एरवी सुतक असतं. इथं मात्र जत्रा भरली होती, कारण देवीचा भगत येसाजी बेइमान शोधून देणार होता! विजयासाठी ठरवलेले बेंजोवालेही येऊन ठेपले होते. कोण जिंकलं, कोण पडलं, त्यांना काय. सुपारी घेतलीय म्हणून ते वाजवत होते आणि पोरं नाचत होती.

भानगड अशी. मतदानाआधी दिनानाथने साऱ्या गावाला याच देवळात नारळावर हात ठेवून त्यालाच मत द्यायची शपथ घ्यायला लावली होती. आमच्याकडे ती रीतच पडली आहे. शपथ मोडली तर वंश बुडतो म्हणतात. तरीही आमच्या केंद्रावरच्या यंत्रात अकरा मतं दुसऱ्याला निघाली.

"अकरा जन फसवून गेले!" येसाजी घुमत ओरडला. "पन आई फसत न्हाय! तळव्याला हळद लावा, मी तीर्थ शिंपतो. खऱ्याचा हात पिवळा, खोट्याचा रगत!"

पहिला पिवळा हात दिनानाथनेच दाखवला, मग एकेक जण पुढे येऊ लागला. पिवळा हात दिसला की जयजयकार, बेंजो आणि पुढचा गडी. असे चाळीसेक हात झाले. मग नीराबाई आली. भगताने लोटा बदलून तीर्थ शिंपलं आणि तिचा तळवा बघता बघता लालभडक झाला.

बेंजो थांबला.

नीराबाई विधवा बाई. गेल्या ग्रामसभेत तिने एकटीने दिनानाथला विचारलं होतं, "टाकी बांधलीस, पानी कुठं हाय?" आता तिच्या पूनमचं लग्न रविवारवर आलं होतं.

"देवीनंच सांगितलं," दिनानाथ म्हणाला. "आजपासून हे घर वाळीत. तिच्या मांडवात कुनी जायचं न्हाय."

"आनि बाकीची दहा मतं?" मी विचारलं.

"नाना, ती तिच्याच घरची."

"तिच्या घरात दोनच मतं हायत रे!"

नीराबाईने माझा हात धरला. "नाना, पोरीचं लगीन मोडंल हो!"

तेवढ्यात गर्दीतून बायजा पुढे आली. सत्तरीची बाई, सात पोरांची लग्नं लावलेली. तिने नीराबाईचा तळवा निरखला आणि पोट धरून हसत सुटली.

"काय गो बायजे, अंगात आलं काय?" गर्दीतल्या एकीने विचारलं.

"अंगात न्हाय, ध्यानात आलं! अगो बायांनो, लग्नातली हळदीची साडी साबनात भिजवली की कशी होते गो?"

"लाल!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, आणि मग एकमेकींकडे बघतच राहिल्या.

मला मघापासून एक गोष्ट खटकत होती. "येसाजी, लोटे दोन कशाला?"

"एक गंगेचं, एक देवीचं."

"मग देवीचं जरा दिनानाथच्या हातावर घाल."

"उमेदवाराला चालत न्हाय!"

बायजाने वाट पाहिली नाही. तिने देवीचा लोटा हिसकावला आणि दिनानाथच्या पिवळ्या तळव्यावर धार धरली. तळवा लाल झाला!

"आगं बाय!" बायजा किंचाळली. "दिनानाथानं सोताला पन मत दिलं न्हाय!"

मग काय विचारता! देऊळ हसून हसून हललं. बेंजोवाल्यांनी आपणहून ठेका धरला. पोरांनी तीर्थासाठी हात पुढे केले आणि लाल झालेला प्रत्येकजण "मी बी गद्दार!" म्हणत नाचू लागला. येसाजी मागच्या दाराने सटकला तो थेट दिघीच्या रस्त्याला लागला.

लोट्याच्या तळाशी उरलेलं पाणी मी जिभेच्या टोकाला लावलं. चुना! तंबाखू खाणाऱ्याला ती चव सांगावी लागत नाही. चुना पाण्यात कालवून ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर निवळी येते. ती दिसते साध्या पाण्यासारखी. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते, हा हळदीचा गुण आहे. साध्या पाण्याने ती पिवळीच राहते. ज्याला बुडवायचं त्याच्यावर निवळी शिंपायची, एवढंच भगताचं देवपण. माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा.

आणि एक ध्यानात ठेवा. मत गुप्त असतं. ते विचारायचा हक्क ना नारळाला, ना भगताला. कुणाला वाळीत टाकणं हा तर कायद्याने गुन्हा आहे. दिनानाथने ती अकरा मतं हळदीत शोधण्यापेक्षा कोरड्या टाकीत शोधायला हवी होती.

लाल तळवा धोतराला पुसत दिनानाथ नीराबाईसमोर आला. मान खाली होती, पण खोड जाईना.

"वैनी, चुकलं माझं. पन आता सांगच, मत दिलंस कुनाला?"

नीराबाईने डोळे पुसले. "ते माझं मला ठावं. तू रविवारी जेवाया ये."