विचारायचा राहिलेला प्रश्न

दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'ताई' म्हणत. एकवीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसत होत्या. डॉक्टरीणबाईंच्या हाती दात लागायच्या आधी पेशंटला ताईंच्या तोंडी लागावं लागतं, असं कंपाउंडर गमतीनं म्हणायचा.

ताईंचं बोलणं पाठच होतं. दात पडला तर मुळाला बोट लावू नका, घासू नका, दुधात घालून तासाच्या आत या. दाढ ठणकत असेल तर कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा, गालाला बाहेरून थंड लावा, शेकू नका. दुखण्याची गोळी हिरडीत दाबू नका, हिरडी भाजते. आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला: सूज जबड्याखाली उतरलीय का, थुंकी गिळताना त्रास होतो का? पेशंट 'हो' म्हणाला, तर त्याला दवाखान्यात येऊच द्यायचं नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं.

त्या गुरुवारी दुपारी झोपाळ्यावरून पडलेल्या एका मुलीला घेऊन तिची आई धावत आली. हातातल्या पेल्यात दूध, दुधात दात. ताईंनी फोनवर सांगितलं होतं तस्सं तिनं केलं होतं. ताई पेल्यात डोकावत होत्या, मुलीची आई रडत रडत त्यांचे आभार मानत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला.

कानाला खांद्यानं रिसीव्हर दाबून त्यांनी तो घेतला. तोंडात बोळा कोंबल्यासारखा कुणा पुरुषाचा आवाज होता. खालची दाढ, दोन दिवसांपासून, गाल सुजलाय, एवढं कळलं. ताईंनी मिठाचं पाणी सांगितलं, थंड लावायला सांगितलं, उद्या सकाळी दहाची वेळ दिली. डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली. "काळजी घ्या हं," असं म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि पेला घेऊन आत गेल्या. शेवटचा प्रश्न राहिला. नावही विचारायचं राहिलं.

मुलीचा दात जागेवर बसला. त्या दिवशी ताई हलक्या मनानं घरी गेल्या.

शनिवारी निरोप आला, ताईंचा थोरला भाऊ गेल्याचा. दाढेतला पू गळ्यात उतरला, श्वासाची वाटच बंद झाली. शुक्रवारी पहाटे वहिनींनी हॉस्पिटलात नेलं, पण डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं.

दादा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचा. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून बहीण-भावात शब्दाला शब्द वाढला होता आणि चार वर्षं बोलणं बंद होतं. दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर, पण रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण पलीकडच्या बाजूला जायचा. बहुतेक वेळा ताईच.

आठवडाभरानं वहिनी एकट्या असताना ताई त्यांच्याकडे गेल्या. वहिनींनीच सुरुवात केली. गुरुवारी दुपारी दादानं दुकानातून ताईंच्या दवाखान्यात फोन केला होता, हे त्यांनी सांगितलं.

ताईंना तो बोळा कोंबल्यासारखा आवाज आठवला.

"घरी आले ते खुशीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, तिनं ओळखलं नाही मला. पण किती नीट बोलली. काळजी घ्या म्हणाली."

संध्याकाळी सूज मानेपर्यंत आली. पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा वहिनी हॉस्पिटलात चला म्हणून मागे लागल्या. त्यानं ऐकलं नाही. उद्या दहाला तिच्याकडे जायचंच आहे, असं खुणेनं सांगत राहिला. सकाळसाठी इस्त्रीचा शर्टही त्यानं काढून ठेवला होता.

ताईंना गप्प राहता आलं असतं. वहिनींना कुठलं ठाऊक असणार, फोनवर काय विचारायचं असतं ते! पण त्या गप्प राहिल्या नाहीत.

"वहिनी, गिळता येतंय का, हे मी प्रत्येकाला विचारते. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला तेव्हाच हॉस्पिटलात पाठवलं असतं."

वहिनी पदराच्या टोकाला पीळ देऊ लागल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, शुक्रवारी दहाला तुम्ही त्यांची वाट पाहिली का?

"नाही," ताई म्हणाल्या. "सव्वादहाला दुसऱ्या पेशंटला आत सोडलं. येतो म्हणून न येणारे पुष्कळ असतात."

वहिनींनी मान हलवली. तुमच्यावर रागवायला हवं हे कळतंय, पण अंगात तेवढं त्राण नाही, असं त्या म्हणाल्या. मीही त्यांना ओढून न्यायला हवं होतं, असंही म्हणाल्या. ताईंनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला, पण वहिनींनी तो धरला नाही. ताई निघाल्या तेव्हा मात्र त्या दाराशी आल्या.

"रविवारी दुकान रिकामं करायचंय. एकटीनं नाही होणार."

रविवारी ताई सकाळीच गेल्या. लाकडी फळीवर कानशी, चिमटे, तारेत ओवलेल्या किल्ल्यांचे जुडगे होते. दोघींनी फडक्यानं एकेक वस्तू पुसून खोक्यात भरली. बोलणं झालं ते 'हे इकडे ठेवा' आणि 'ते राहू द्या' एवढंच. दुपारी वहिनींनी डबा उघडला, आणि काही न विचारता अर्धं जेवण झाकणात काढून ताईंपुढे सरकवलं.

ताईंना पहिला घास गिळायला फार वेळ लागला.