चवळीखाऊ राष्ट्राध्यक्ष

झुमाना सामाके राष्ट्राध्यक्ष झाला त्या सकाळी मी छावणीच्या फाटकाबाहेर चवळी शिजवत होते. तोवर तो साधा सार्जंट होता आणि रोज माझ्याकडे दोन वाडगे चवळी खाऊन जायचा. त्या दिवशी तो आलाच नाही. थोड्या वेळाने रेडिओवर त्याचा आवाज आला की देश वाचवण्यात आलेला आहे. कुणापासून, ते काही त्याने सांगितलं नाही. जुने राष्ट्राध्यक्ष न्याहारी करता करताच गेले म्हणे.

दुपारी तो रणगाड्यावर उभा राहून फाटकाबाहेर पडला. रस्त्यावरची माणसं पालथी पडली. मी पळी हातात घेऊन तशीच उभी.

"काय रे गुलामा! राज्य घेतलंस, पण चवळी राहिली ना खायची?"

शिपायांनी बंदुका माझ्याकडे वळवल्या. झुमाना मात्र पोट धरून हसत सुटला. "खाली करा रे त्या! बागायोको आहे ती, चोरांची जात. ए तेनिन, दोन वाडगे वाढ. आणि माप मारू नकोस नेहमीसारखं!"

बागायोको आणि सामाके ही आमच्याकडे थट्टेची कुळं. कुठल्याशा दुष्काळात आमच्या पूर्वजाने त्यांच्या पूर्वजाला चवळी घालून जगवलं, तेव्हापासून सामाके म्हणजे चवळीखाऊ आणि आमचे गुलाम, आणि आम्ही म्हणजे चोर. भर बाजारात एकमेकांना काहीही बोलावं, रागवायचं नाही. एकाने थट्टा केली आणि दुसऱ्याने उलट थट्टा केली, की त्यांच्यातलं कसलंही भांडण तिथेच मिटलं. आणि या दोन कुळांनी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. जो सांडेल त्याचा वंश सुकतो.

झुमाना बाकी कशात नसला तरी या हिशेबात हुशार होता. गादीवर बसल्याबरोबर त्याने आपल्या अंगरक्षकांत शोधून शोधून चाळीस बागायोको भरले. माझा भाऊ दाउदा सायकली दुरुस्त करायचा. त्याचा मुलगा बाकोरोही या अंगरक्षकांत लागला आणि पुढे कॅप्टन झाला. इतर देशांचे राष्ट्राध्यक्ष चिलखत घालून झोपायचे. आमचा बनियनवर झोपायचा.

दर गुरुवारी माझ्यासाठी गाडी यायची. परदेशी राजदूत ओळीने बसलेले असायचे आणि मी त्यांच्यासमोर झुमानाला शिव्या घालायच्या. "तुझी ढेरी बघ रे गुलामा, देशाची सगळी चवळी आत दिसतेय!" तो हसे, राजदूत टाळ्या वाजवत. आमच्या देशात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे ते असं दिसायचं. ते कुणा कुणाला होतं, तर मला, गुरुवारी, चार ते पाच. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या घरावर पत्रे आले होते.

पुढे सार्जंटचा जनरल झाला, जनरलचा मार्शल. त्याच्यावर आणखी हुद्दाच नव्हता, म्हणून त्याने एक भाट आणवला. भाटाने त्याला असा हरभऱ्याच्या झाडावर चढवला की तो पुन्हा खाली उतरलाच नाही. सामाके हे शेतकऱ्यांचं कुळ, त्यात एवढं तेज कुठून येणार? महाराजांचे पणजोबा पाळण्यात बदलले गेले होते, मुळात ते मानसारे, राजवंशाचे! भाटाला मोटार मिळाली. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की राष्ट्राध्यक्षांचं नाव आजपासून झुमाना मानसारे. मानसारेंचं आम्हा बागायोकोंशी थट्टेचं नातं नाही. गुरुवारची गाडी बंद झाली.

हे दाउदाला समजलं नाही. समजलं असेलही, पण त्याने मानलं नाही. आमच्या कुळातल्या एका लग्नाला झुमाना पाच मिनिटं येऊन बसला, तेव्हा दाउदा ताट घेऊन पुढे गेला.

"घे रे चवळीखाऊ! राजा झालास तरी पोट तेच ना?"

मांडवात हशा पिकला. झुमाना हसला नाही. तो उठून गेला. संध्याकाळी दाउदाला घेऊन गेले.

मी महालावर गेले. नात्याने मागितलेलं नाकारता येत नाही, एवढ्या एका भरवशावर गेले. चार तास उन्हात उभी राहिल्यावर तो व्हरांड्यात आला.

"झुमाना, दाउदाला सोड. तुझ्या पूर्वजाच्या चवळीची आण आहे तुला."

"कोण आहे ही बाई?" त्याने शेजारच्या शिपायाला विचारलं. रोज दोन वाडगे खाणारा माणूस!

दोन महिन्यांनी दाउदाच्या चपला घरी आल्या. बाकीचं काही आलं नाही. मी त्या चपला चुलीमागे खिळ्याला अडकवल्या आणि त्या दिवसापासून माझ्या तोंडची थट्टा गेली.

आता सांगा, ज्याने नातं तोडलं त्याने ते चाळीस बागायोको तरी काढावेत की नाही? नाही काढले. बागायोको म्हणजे बागायोको, हात उचलणार नाही, अशी त्याची खात्री होती. स्वतःचं कुळ फर्मानाने बदलता येतं, पण आमच्या कुळाने आपलं जुनंच धरून बसावं! बाप गमावलेला पोरगा त्याच्या दाराशी बंदूक घेऊन सहा वर्षं उभा राहिला आणि हा आत घोरत पडला.

मग एका शुक्रवारी सकाळी महालाकडून गोळीबाराचा आवाज आला आणि धूर दिसला. तासाभरात माझ्या अंगणाच्या कुडावरून एक माणूस आत पडला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, छातीवर मात्र सगळी पदकं.

"तेनिन, लपव मला. तुझ्या भाच्याने माझ्यावर गोळ्या झाडल्या गं. बागायोकोने!"

"मानसारेवर झाडल्या," मी म्हटलं.

तो माझ्या हंड्यामागे जाऊन बसला. एवढा मोठा मार्शल, पण हंड्यामागे मावला. कुडापलीकडे गल्ली जमू लागली होती, आणि लगेच बाकोरो आठ-दहा शिपाई घेऊन आत आला. झुमाना आपणच बाहेर आला, गुडघ्यांवर, आणि माझ्या लुगड्याचं टोक धरून ओरडला, "मी सामाके आहे! सगळे ऐका! झुमाना सामाके! चवळीखाऊ आहे मी, हिचा गुलाम! ए तेनिन, ए चोरटे, बोल ना! मला शिवी दे!"

बाकोरोची बंदूक खाली आली. बापाच्या खुनाचा राग असला तरी वंश सुकण्याची भीती आमच्या हाडात असते.

"आत्या," तो म्हणाला, "तू घरातली मोठी. तू सांग. हा सामाके आहे की मानसारे?"

एक शब्द पुरे होता. "गुलामा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. बंदुका परत गेल्या असत्या, त्याला कुठेतरी सीमेपार हाकललं असतं. आणि तो सामाकेच होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कागदाने रक्त बदलत नाही. हे मी सहा वर्षं मनात घोकत आले होते.

मी चुलीमागच्या खिळ्याकडे बघितलं. मग पळी उचलली आणि चवळी ढवळत राहिले.

"तेनिन!" झुमाना म्हणाला. "अगं, थट्टा कर ना!"

बाकोरोने थोडी वाट पाहिली. मग त्याने झुमानाला अंगणाबाहेर नेलं. तीन गोळ्या वाजल्या आणि गल्लीने जल्लोष केला. हीच गल्ली त्याच्या वाढदिवसालाही असाच जल्लोष करायची.

आता नवे राष्ट्राध्यक्ष आले आहेत. ते देश वाचवत आहेत. बाकोरो मेजर झाला. त्याच्या बायकोचे या दोन वर्षांत दोन गर्भ गेले. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. मी मान हलवते.

कामावर जाण्याआधी तो रोज माझ्याकडे येतो. चवळी त्याने सोडली, नुसती पेज घेतो. वाडगा खाली ठेवतो आणि माझ्याकडे न बघता विचारतो.

"आत्या, तो मानसारेच होता ना?"

"मानसारेच," मी म्हणते. "कधीचा."

मग तो टोपी घालून जातो. उद्या परत येऊन विचारतो.