साहेबांचा तळहात

इंग्रज साहेब गेल्यापासून डोंगरावरचे ते थंड हवेचे ठिकाण ओस पडले होते. बंगल्यांची छपरे बसली, टेनिसच्या मैदानात झाडे वाढली. गर्दी असे ती फक्त जुन्या क्षयरुग्णालयात, आणि तीही धुके पडेल त्या दिवशी. तिथल्या साहेब डॉक्टरांचा आत्मा, तिथे ठाण मांडून बसलेल्या एका बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, उन्हात विश्रांती घेत असे.

"हात लावा! एवढ्या गारठ्यात भिंत गरम! साहेबांचा तळहात आहे हा. पाठ टेका, रोग भिंतीत जाईल. पण आधी गोळ्या दरीत टाका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मग एका छातीत दोन डॉक्टर कसे राहतील?" बाबा रांगेला सांगत होते.

रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आणि त्यांचा थोरला भाऊ होते. त्याच्या क्षयाच्या निम्म्या गोळ्या पोटात गेल्या होत्या, निम्म्या खिशात होत्या.

"दादा, अर्धवट सोडलंस तर दुखणं उलटेल. मग याच गोळ्या लागू पडणार नाहीत."

"आधी भिंतीला हात लाव, मग शिकव."

बाईंनी लावला. भिंत खरेच गरम होती. बाईंची पंचाईत झाली. रांग सोडून त्या शेजारच्या रिकाम्या खोल्यांत हिंडल्या. प्रत्येक भिंतीत एक लोखंडी मूठ होती. एक ओढून पाहिली, तर आत झडप खटकन पडून वाट बंद झाली आणि अंगावर काजळी आली. भिंती आतून पोकळ होत्या. पलीकडच्या खोलीत शेगडी पेटवायची, तिचा धूर भिंतीतून फिरून धुराड्यातून बाहेर. आणि धुक्यात धूर कोणाला दिसतो?

त्या परतल्या तेव्हा दादाचा गोळ्यांचा हात खिडकीबाहेर होता. बाबांच्या भिंतीतल्या मुठीवर लोक डोके टेकवत होते. बाईंनी वाकून ती ओढली.

"अहो बाई, साहेब कोपतील!"

साहेब कोपले नाहीत, खोकले. आत्म्याच्या मानाने खोकला दणदणीत होता. मग पलीकडच्या कुलूपबंद खोलीतून ओरडा आला, "भावोजी, दार उघडा, मेलो!"

बाबांच्या कमरेची किल्ली लोकांनीच काढून घेतली. धुराबरोबर बाबांचा मेहुणा बाहेर पडला, हातात लाकूड, तोंड काळे.

"तरी ऊब लागत होती गं," दादा ओशाळून म्हणाला. हात मात्र त्याने आत घेतला होता.

"लागणारच. शेक घे हवा तेवढा. पण जंतू शेकाने मरत नाहीत, गोळीने मरतात."

रांगेतले काहीजण गुपचूप खिडकीतून दरीत डोकावत होते. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"भिंत गरम होती, हे खोटं नाही. तिच्यामागे काय आहे, एवढंच कोणी विचारलं नाही. यापुढे विचारत जा. आणि ज्यांनी गोळ्या टाकल्यात, त्यांनी लाजू नका. दवाखान्यात खरं सांगा, पुन्हा मिळतील. पण आजच चला."