पन्नासच्या आत

एक. दोन. तीन.

वैजनाथच्या मनगटावर आशाबाईची तीन बोटं. नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या लाल काट्यावर.

चार.

परभणीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं होतं. सकाळी, गोळीच्या आधी, माणूस बसवून, पूर्ण एक मिनिट मोजायचं. हृदयाची गोळी ठोके हळू करते, ते तिचं कामच आहे. पण पन्नासच्या आत आले तर गोळी द्यायची नाही. आधी फोन करायचा.

पाच.

सहा यायला वेळ लागला.

सहा. सा

"भाऊजीची ती गोळी आमच्या ह्यांना बी द्या की एक!" शेजारची लक्ष्मीबाई दारात उभी. हातात वाटी, विरजणासाठी. "सकाळपसून नुसतं कोकलून राहिलेत. चप्पल सापडंना म्हणून. पायातच व्हती."

वैजनाथ हसला.

ही गोळी सुरू व्हायच्या आधी तो हसला नसता. तेव्हा लक्ष्मीबाई वाटी घेऊन दारापर्यंत आली नसती, कुंपणावरून मागायची.

आशाबाईनं विरजण दिलं. मोजणं तुटलं.

पुन्हा.

एक. दोन.

तो बैलांचा दलाल. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्याचा आवाज पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. सौद्याला आवाज लागतोच. पण तो बाजारात ठेवून घरी यायचं असतं, आणि ते त्याला कधी

पाच की सहा? सहा.

जमलं नाही. भाजीत मीठ जास्त, आवाज. लाइट गेली, आवाज. आशाबाईवर हात दोनदा उचलला. तिसऱ्यांदा लेक, राजनंदिनी, मध्ये उभी राहिली, तेव्हा ती बारावीत होती. नोकरी लागल्यावर ती पुण्याला गेली आणि बापाशी बोलायची थांबली. आईला फोन करायची, मागून त्याचा आवाज आला की ठेवून द्यायची.

मग त्याच्या छातीत दुखलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. घरी येताना गोळ्यांची पिशवी मिळाली, त्यात एक बारीक पांढरी.

आणि घरात भांडं पडलं तर फक्त भांड्याचा आवाज येऊ लागला.

किती झाले?

आशाबाईला आठवेना. काटा निम्म्यावर होता. काल ती इथंच उठली होती, दूध उतू जातंय म्हणून. गॅस बंद होता. परवा तिला दारात कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं. कुणी नव्हतं. मोजणं अर्धं राहिलं की आकडा नसतो. आकडा नसला की गोळी देता येते. सिस्टरनं न मोजलेल्या ठोक्यांचं काही सांगितलं नव्हतं.

रोज ती गोळी द्यायची, पाणी द्यायची, आणि दिवसभर त्याच्या छातीकडं बघत राहायची. खाली-वर. खाली. वर. रात्री

रात्री तर बघायचीच.

आज मोरीतून बाहेर येताना तो भिंतीला हात लावून थांबला होता. कुणाला वाट द्यावी तसा. समोर कुणी नव्हतं.

"चक्कर आली का?"

"न्हाई."

"मंग?"

"थांबलो असाच."

ओठ पांढरे होते. आशाबाईनं ते पाहिलं. भीती वाटायला हवी होती. ती पाण्याचा तांब्या उचलून जागेवर ठेवायला गेली.

पुन्हा.

एक.

दोन.

आता ती कुठं गेली नाही. बाहेर लक्ष्मीबाई कुणाला तरी हाका मारत होती, मारू दे. ठोका यायचा. मग काही नाही. काही नाही इतका वेळ असायचं, की त्यात माणूस उठून पाणी पिऊन येईल. मग ठोका.

काटा फिरत होता.

एकोणचाळीस.

चाळीस.

एक्केचाळीस. काटा बारावर.

"किती?" वैजनाथनं विचारलं.

तिनं मनगट सोडलं नाही.

"सांग की."

"एक्केचाळीस."

त्यानं मान हलवली. एखाद्या बैलाचा भाव ऐकावा तशी. मग म्हणाला, "फोनवर बावन्न सांग."

"काय?"

"बावन्न सांग. कोन बघायला येऊन राहिलं इथं?"

"चक्कर येते ना तुमाला?"

"येते."

"कवापसून?"

"लई दिस झाले."

"अन् मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की गोळी बंद करतील." तो आपल्या पायांकडं बघत होता. "परवा पोरगी बोलली माझ्याशी. तुझा फोन मी उचलला तर ठेवला न्हाई तिनं. जेवलात का म्हनली." त्यानं पाय जवळ घेतले. "गोळी बंद झाली अन् मी परत तसाच झालो तर?"

हे वाक्य आशाबाईनं मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की त्याच्या तोंडून आल्यावर ते तिला पटकन ओळखू आलं नाही.

राग यायला हवा होता, किंवा रडू. दोन्हीची वाट बघून तिनं पाहिलं.

"तसे झालात तर मी राजनंदिनीकडं जाईन," ती म्हणाली. "ते मला जमंल. तुमी बसल्या जागी गेलात तर मला काय जमंल, ते म्हाईत न्हाई."

तिनं सिस्टरला फोन लावला.

"एक्केचाळीस? बराबर मोजले का ताई?"

"बराबर."

"चक्कर येते का त्यांना?"

आशाबाईनं फोन त्याच्यासमोर धरला. "तुमीच सांगा."

तो फोनकडं बघत राहिला. तिकडून सिस्टर हॅलो, हॅलो म्हणत होती.

"येते," तो म्हणाला.

आजची गोळी देऊ नका, आत्ताच घेऊन या, त्यांना गाडी चालवू देऊ नका. आशाबाई प्रत्येक वाक्याला व्हय म्हणाली.

फाट्यावर किसनसिंगची जीप उभी होती. दोघं मधल्या सीटवर बसले. किसनसिंग बाहेर पानटपरीपाशी टेकून उभा होता.

"दोन सीट भरू द्या मामा, लगेच निघू."

"पेशंट हाये," आशाबाई म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"हां मावशी, दोनच मिनिट."

दोन सीट भरल्या नाहीत. वैजनाथ म्हणाला, "किसनसिंग, गाडी काढ." हळू म्हणाला. किसनसिंगला ऐकू गेलं नाही. त्यानं चुना मळायला घेतला.

"किसनसिंग!"

अख्खा फाटा वळला. चहाच्या टपरीवरची माणसंसुद्धा. किसनसिंगनं तंबाखू तशीच टाकली आणि पळत येऊन गाडीत चढला.

आशाबाईचे खांदे आपोआप वर गेले होते, मान आत. जीप सुरू झाली तरी ते खाली येईनात.

वैजनाथनं ते पाहिलं.

"घाबरलीस?"

"व्हय."

तो पुढं काही म्हणेल असं तिला वाटलं. त्यानं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले, तळवे सीटवर दाबले, आणि परभणी येईपर्यंत तसाच बसून राहिला. खड्ड्यात जीप आदळली तरी त्यानं ते बाहेर काढले नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याला आशाबाईच त्याचा दंड धरत गेली.