कापलेला खटका

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला त्यांची हत्यारांची पेटी दिली. त्यात समारंभ काही नव्हता. बेकरीतल्या पीठ मळायच्या मशीनची मोटर आमच्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे उघडी पडली होती. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसलं होतं आणि ते ओढून काढायचा माझा पुलर सारखा सटकत होता.

स्टुलावर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "माझ्या पेटीतला पुलर घे. आणि आता पेटी तूच ठेव. माझ्या हातांना चहाचा कप धरवत नाही, पाने काय धरणार?" त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. "फक्त एक ऐक, त्या कुलपाचं..."

"बाबा, मी मोटरी खोलते. आता कुलूप उघडायला शिकवणार का मला?"

मी पेटी पुढ्यात ओढली.

किल्ली आत गेली, पण फिरेना. मी तेल सोडलं, फुंकर मारली, लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहिलं. पेटी लोखंडी, कुलूप झाकणाच्या अंगातच बसवलेलं. घामाने किल्ली बोटांतून निसटायला लागली. बेकरीवाले काका दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

"मास्तर, माझं पीठ फुगून रस्त्यावर यायची वेळ आली. पोरीला हात द्या की जरा!"

"तिच्या हातात काम आहे," बाबा म्हणाले.

"अहो, पण पेटी तुमचीच ना?"

"सकाळपर्यंत होती."

दुसऱ्याच्या हातातलं काम त्याने मदत मागितल्याशिवाय घ्यायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. बाबांनी तो मी शाळेत असल्यापासून पाळला होता. पहिल्यांदा माझ्या पान्याने बोल्टचे आटे खाल्ले तेव्हाही ते हात मागे बांधून उभे होते. मी नुसतं "बघता का?" म्हटलं असतं तर उठले असते. पण "येत नाही" हे शब्द मी त्या दुकानात कधी उच्चारले नव्हते. बाईमाणसाने ते उच्चारले की गिऱ्हाईक मोटर उचलतं आणि पुढच्या गल्लीत नेतं, अशी माझी खात्री होती.

"काका, मोटर वेगळी आणि हे गंजकं कुलूप वेगळं," मी म्हटलं. "हे कुणाच्या बापाला उघडणार नाही!"

बाप तिथेच बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

काका हसले आणि निघून गेले. मी झाकणाच्या फटीत हॅकसॉचं पान घातलं आणि कुलपाचा खटका कापला. झाकण टणकन वर उडालं. बाबा वाकले, कापलेल्या जागेवरून त्यांनी थरथरतं बोट फिरवलं.

"काप सरळ आलाय," ते म्हणाले.

संध्याकाळी काका मोटर न्यायला आले. पेटी पाहून म्हणाले, "हे काय, चोर आले होते की काय?"

"कुलूप माझ्याकडूनच बिघडलं होतं," बाबा म्हणाले. "हिने मोकळं केलं." मी मोटरचा शेवटचा बोल्ट आवळत होते. ते म्हणाले तेच खरं, असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालता घालता ते खाली बसले आणि उठले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी मी पेटी घरी आणली. आईने झाकणावरून फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला.

"हे कुणी कापलं?"

"कुलूप बिघडलं होतं."

"कुठलं बिघडतंय! ठासून भरतात पेटी, मग झाकण वर येतं आणि खटका अडकतो. वर गुडघा टेकवायचा आणि किल्ली फिरवायची. मीसुद्धा उघडते की. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

मी किल्ली लावून पाहिली. आता दाब नव्हता; खटक्याचा उरलेला तुकडा अलगद आत गेला, अलगद बाहेर आला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फडकं झटकलं आणि चहा टाकायला गेली.

त्या संध्याकाळी बाजारातली मंडळी भेटायला आली. सगळी आमचीच गिऱ्हाइकं. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा बेकरीवाले काका बोलत होते. त्यांच्या आवाजात माया होती, तेच जास्त लागलं.

"मास्तरांसारखा कारागीर होणे नाही. पण शेवटी थकले हो. स्वतःच्याच पेटीचं कुलूप नासवून बसले होते. माझ्याजवळ कबूल केलं त्यांनी."

"हात गेलाच होता," कुणीतरी म्हणालं. "वय कुणाला चुकलंय?"

"पोरगी होती म्हणून निभावलं." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. माझ्या हातातलं काम तिने घेतलं नाही.

मी ट्रे खाली ठेवला.

"काका, कुलूप धड होतं. बाबांकडून काहीही बिघडलं नव्हतं. ते मला सांगत होते, मी सांगू दिलं नाही." वाक्य अर्धं सोडायचं नव्हतं. "मला येत नव्हतं."