माझ्या काचेवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना कंपनमापक आहे. पनवेलजवळ ब्रेक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. ब्रेक दाबला की त्याचे भाग डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक थरथरतात. मी त्यांच्यावर लाल प्रकाशाचा ठिपका टाकायचो आणि परतून येणाऱ्या प्रकाशावरून ती थरथर मोजायचो.

मला चालवणाऱ्या अबीगेल मॅडम माझी काच स्वतः पुसायच्या. पाहुणे आले की आमचे प्रमुख देवेश सर माझ्या पाठीवर थाप मारत. "याच्या नजरेतून काही सुटत नाही."

एकदा जासईचा चालक बळीराम टेम्पो घेऊन आला. "मॅडम, ब्रेक मारला का चाक किंचाळतं. पाय ठरत नाय. नवीन गाडी हाय."

मी पाहिलं. ब्रेक धरून ठेवणारा लोखंडी आधारच भयंकर हलत होता. जास्त हलणारा भाग पडद्यावर लाल होतो; तो लालभडक दिसला.

"सर, हा तुटेल," मॅडम म्हणाल्या.

सरांनी शांतपणे चहा संपवला. "ब्रेक बनवणारे आपलं मोठं गिऱ्हाईक आहेत. ठिपका ब्रेकच्या तबकडीच्या मध्यावर घ्या. तिथे फारसं हलत नाही."

"मग मोजायचं कशाला?"

"उद्यापासून येऊ नका. स्वानंद मोजेल."

स्वानंद मॅडमच्याच हाताखाली शिकलेला. त्यांच्याकडे न बघता त्याने माझं तोंड फिरवलं. अहवाल स्वच्छ गेला.

दिवाळीनंतर उतारावर बळीरामच्या टेम्पोचा तो आधार तुटला. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चौकशी लागली, तेव्हा सर म्हणाले, "यंत्र बिघडलेलं होतं, एवढंच सांगायचं. स्वानंद, काचेवर ओरखडा पाड."

स्वानंदने पेचकस उचलला. त्याचा हात थरथरत होता. मी मोजलेली ती शेवटची थरथर.

चौकशीच्या दिवशी बळीराम कुबड्यांवर आला.

"याच मशीननं माझा पाय घेतला?"

"हो," सर म्हणाले.

बळीराम माझ्यावर थुंकला. मला वाचा नाही, मित्रांनो.

आता मी भंगाराच्या खोलीत आहे. तुमच्या हाती एखादं यंत्र आलं तर त्याची काच मऊ कापडाने पुसा. आणि त्याने नको ते दाखवलं, तरी त्याचं तोंड फिरवू नका. माझं फिरवलं, आणि एका माणसाचा पाय गेला.