गोलकीपरची शिकवणी

स्वानलाउगनं साधा, संथ आलेला चेंडू दोन्ही तळव्यांनी खांबाबाहेर ढकलला आणि तो आणायला निवांत वळली. हँडबॉलमध्ये असा बाहेर घालवलेला चेंडू गोलकीपरलाच परत मिळतो. फुटबॉलमध्ये समोरच्यांना कॉर्नर मिळतो. पंचांनी कोपऱ्याकडे हात केला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"ए हँडबॉलवाली! जा, तुझ्या हॉलमध्ये जाऊन खेळ!" कर्णधार हाल्बेरा खेकसली.

"हात आपोआप गेला."

"सहाव्यांदा? आणि नव्वदाव्या मिनिटाला?"

बरोबरी पुरेशी होती. हरला तर संघ खालच्या गटात घसरणार होता, आणि मग क्लबची महिला फुटबॉल शाखा बंद. ज्यांना खेळायचंय त्यांनी फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या गावाकडून खेळावं, असं अध्यक्ष केटिलनं बजावलं होतं. शाखा हाल्बेराच्या आईनं काढलेली. एकवीस वर्षं तीच प्रशिक्षक. मार्चमध्ये ती गेली. जायच्या आधी गोलकीपर मिळेना म्हणून खाटेवरूनच तिनं हँडबॉल शाखेतून स्वानलाउगला मागून घेतलं होतं. वृद्धाश्रमातली पाळी संपवून ही पोरगी रोज दुपारी दवाखान्यात यायची, खोलीचं दार लागायचं. आत शिकवणी, बाहेर बाकावर हाल्बेरा. आईच्या शेवटच्या बारा दुपारी तशा गेल्या.

वाऱ्यानं कॉर्नर आत वळवला. कुणाचं तरी डोकं लागलं, जाळी हलली. पाहुण्यांच्या मोटारींनी मैदानाकाठी भोंग्यांचा गजर केला. पाठोपाठ सामना संपल्याची शिट्टी झाली.

केटिलनं गाडीची काच खाली केली. "पलीकडच्या गावाचा पिवळा शर्ट खुलेल हं तुला, हाल्बेरा!"

"तू घाल आधी. पोटावर बसतोय का बघ."

ती तशीच गोलकडे चालत गेली. स्वानलाउग खांबाला टेकून बसली होती.

"बारा दुपारी, स्वानलाउग. बारा! एवढ्यात दगडसुद्धा शिकला असता. काय शिकवलं तुला आईनं?"

"काही नाही."

"उलट बोलू नकोस."

"खरंच काही नाही. फुटबॉलचं नावसुद्धा निघालं नाही." स्वानलाउग गवताकडे बघत होती. "पाय चोळून द्यायचे मी. सुजले होते. पुसून काढायचे, कपडे बदलायचे. तुझ्या हातून करून घ्यायचं नव्हतं तिला. शिकवणी चाललीय म्हणून सांग, म्हणाली."

"आणि तू सांगत राहिलीस."

"शपथ घातली होती."

पलीकडे पाहुण्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. पंच हस्तांदोलनासाठी कर्णधाराला हाक मारत होते. हाल्बेरानं वळून पाहिलं नाही. ती खाली, ओल्या गवतावर बसली.



"किती सुजले होते?"

स्वानलाउगनं हातमोजे काढले, आणि दोन्ही पंजे हवेत एकमेकांसमोर धरून, हळूहळू लांब नेत, तिला माप दाखवलं.